निदान झालं, आता तासिका लावा

डी.एड.ला असताना दोन शब्द आपण नेहमी जोडीने शिकलो. नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन. मूल नेमकं कुठे अडलंय ते पहिल्याने कळतं आणि दुसऱ्याने ते पुढे सरकतं. जोडाक्षरं न वाचता येणाऱ्या मुलाची चाचणी घेतली, नोंदवहीत निष्कर्ष लिहिला आणि वही कपाटात ठेवून दिली, तर मूल आहे तिथेच राहतं. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, पायाभूत चाचण्या सुरू झाल्या, तेव्हाही आपण स्टाफरूममध्ये एकमेकांना हेच विचारत होतो. चाचणी झाली, पुढे काय?

मनाच्या आजाराच्या बाबतीत मात्र आपण शिकलेली माणसंसुद्धा हा प्रश्न विचारायचं विसरतो. झोप लागत नाही, छाती धडधडते, कशातच लक्ष लागत नाही म्हणून कुणीतरी एकदाचं डॉक्टरांकडे जातं. नैराश्य किंवा चिंतेचा आजार असं निदान होतं. गोळ्यांची पहिली पट्टी संपते. डॉक्टरांनी थेरपी सुचवलेली असते, म्हणून एकदा तिथेही जाऊन येतो. मग 'आता बरं वाटतंय' किंवा 'काही फरक पडला नाही' असं म्हणून सगळं थांबतं. चाचणी झाली आणि वही कपाटात गेली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. निदान हे अर्धंच काम आहे. डॉक्टरांनी थेरपी सांगितली असेल तर ती आठवड्याच्या वेळापत्रकात, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, तासिकेसारखी लावली पाहिजे. आणि ती तासिका त्या माणसाला घेता यावी ही जबाबदारी एकट्या त्याची नाही, त्याच्या घराची आणि कामाच्या जागेचीसुद्धा आहे.

'ठाण्याला पाठवा'

मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं आहे. कुणी जरा वेगळं वागलं की 'याला ठाण्याला पाठवा रे'. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. पुण्याकडे हाच विनोद येरवड्याच्या नावाने होतो. आपल्या शाळेच्या मैदानावर चौथीतली मुलंही तो करतात, कारण त्यांनी तो घरी ऐकलेला असतो. मनाचा दवाखाना म्हणजे जिथे माणसाला 'टाकतात' अशी जागा, हे चित्र त्या एका वाक्यातून पुढच्या पिढीकडे जातं.

पण त्याच ठाण्यात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. इथे माणूस सकाळी घरून येतो, उपचार घेतो आणि संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या कामावर असतो. औषध देणारे मनोविकारतज्ज्ञ आणि बोलून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ एकत्र काम करतात. स्वमदत गट चालतात. ज्यांना आजार आहे त्यांना 'शुभार्थी' आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना 'शुभंकर' हे शब्द मराठीत याच कामातून रुळले. 'वेडा' आणि 'वेड्याचे नातेवाईक' यांच्या जागी हे शब्द आले, ही भाषा शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना लहान गोष्ट वाटू नये. 'ठाण्याला जा' हे आता टोमणा म्हणून नाही, तर चांगला सल्ला म्हणूनही सांगता येतं.

थेरपीत होतं काय?

बऱ्याच जणांना वाटतं की थेरपी म्हणजे मन मोकळं करणं. ते तर मैत्रिणीजवळही होतं, मग पैसे कशाला द्यायचे?

आधी कोण काय करतं ते पाहू. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर, ते निदान करतात आणि औषध लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, ते चाचण्या आणि थेरपी करतात. समुपदेशक रोजच्या जगण्यातल्या अडचणींवर काम करतात. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या आजारांत औषध हा पाया असतो आणि थेरपी त्याला जोड देते. सौम्य किंवा मध्यम नैराश्यात आणि चिंतेच्या आजारात कधी नुसती थेरपी पुरते, कधी दोन्ही लागतात. हे ठरवायचं डॉक्टरांनी, शेजाऱ्यांनी नाही.

आता तासिकेत काय घडतं? एक सत्र साधारण 45 ते 60 मिनिटांचं असतं. पहिली एक-दोन सत्रं माहिती घेण्यातच जातात. चिंतेसाठी 7 प्रश्नांची एक प्रश्नावली सर्रास वापरतात, तिचे गुण 0 ते 21. नैराश्यासाठी 9 प्रश्नांची, तिचे 0 ते 27. आपल्या गुणपत्रिकेच्या उलट, इथे गुण कमी झाले की प्रगती. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतात. आपण याला मूल्यमापन म्हणतो.

अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात आणि ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात ज्या पद्धती मांडल्या, त्यांचा गाभा वर्गात सांगता येईल इतका सोपा आहे. घटना आणि भावना यांच्या मधोमध आपला एक विचार असतो. तो इतका झटकन येऊन जातो की आपल्याला दिसतच नाही. मुख्याध्यापकांनी भेटायला बोलावलं ही घटना. 'माझं काहीतरी चुकलं असणार, आता सगळ्यांसमोर अपमान होणार' हा विचार. पोटात गोळा येणं ही त्या विचाराची करामत, बोलावण्याची नव्हे. तो विचार पकडायचा, कागदावर लिहायचा, त्याला पुरावा काय आहे ते तपासायचं आणि जास्त खरा विचार त्या जागी ठेवायचा. एलिस यांच्या पद्धतीला मराठीत विवेकनिष्ठ म्हणतात ते याचसाठी.

ऐकायला सोपं आहे. करायला पाढ्यांइतकंच कठीण, कारण जुना विचार पाठ झालेला असतो. म्हणूनच नेम लागतो. दोन सत्रांच्या मधल्या सहा दिवसांसाठी चक्क गृहपाठ मिळतो. असे उपचार बहुतेक वेळा 12 ते 20 सत्रं चालतात. एका तासिकेत कोणाला भागाकार येतो का? मग एका सत्रात वर्षानुवर्षांची भीती कशी जाईल?

माझी गुरुवारची तासिका

हे मी बाहेरून बघून लिहीत नाही. मला चिंतेच्या आजाराचं निदान झालेलं आहे. औषध सुरू झालं आणि डॉक्टरांनी दर आठवड्याला थेरपी सांगितली. आमची सकाळच्या सत्राची शाळा. गुरुवारी शाळा सुटली की डबा खाऊन मी मरोळ नाक्याला मेट्रो पकडते. घाटकोपर चौथं स्टेशन. मरोळमध्ये जवळपास कुणी मिळालं नसतं असं नाही, पण दवाखान्याच्या बाकावर माझ्याच वर्गातल्या मुलाची आई शेजारी बसलेली मला नको होती. लोकांची भीड अजून किती आहे ते यावरून समजा.

पहिले चार-पाच गुरुवार काही घडतंय असं वाटलं नाही. नंतर एकदा पालकसभेच्या आदल्या रात्री मी वहीत लिहिलं, 'उद्या कोणीतरी माझ्यावर ओरडणार.' खाली पुरावा म्हणून गेल्या तीन सभा आठवल्या. एकीत एक पालक चढ्या आवाजात बोलले होते, तेही मधल्या सुट्टीतल्या खिचडीवरून. झोप पूर्ण लागली नाही, पण लागली. बदल असाच येतो. सिनेमात दाखवतात तसा एका रडण्यात येत नाही.

एका सहकारी बाईंनी विचारलं, "अगं, तू एवढी हसतमुख, तुला कसली थेरपी?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण साखर असलेल्या सरांना आपण विचारतो का, की तुम्ही एवढे गोड बोलता, तुम्हाला कसली गोळी?

'पण' म्हणणाऱ्यांसाठी

'आमच्या वेळी नव्हती असली थेरं, घरात माणसं होती.' माणसं होती हे खरं आणि ती हवीतच. पण घरातल्या माणसाला आपल्या बऱ्या होण्याची घाई असते. 'विचार करू नकोस' हा प्रेमाने दिलेला सल्ला आहे, फक्त तो पाळता येत नाही. शिवाय कधीकधी बोलायचं असतं ते घराबद्दलच.

'नटनट्यांना परवडतं.' दीपिका पदुकोणने 2015 साली आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे सांगितलं आणि त्याच वर्षी यासाठी संस्थाही काढली, तेव्हा हे वाक्य मी खूप ऐकलं. त्यात तथ्य आहे. उपनगरात खासगी थेरपीच्या एका सत्राला हजाराच्या पुढे सहज जातात, आणि महिन्याला अशी चार सत्रं. पण पालिकेच्या केईएम, सायन, नायर, कूपर या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि तिथे केसपेपरवर तपासणी होते. मरोळहून कूपर फार लांब नाही. गर्दी असते, थांबावं लागतं, दर आठवड्याची वेळ मिळेलच असं नाही. ती मिळावी म्हणून मागणी करणं हेही आपलंच काम आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा 2012 पासून फोनवर समुपदेशन करते. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर पुढच्या सत्राची वाट बघू नये. त्याच क्षणी हा नंबर लावावा किंवा जवळच्या माणसाला घेऊन रुग्णालय गाठावं.

'ऑनलाइन कर ना मग.' मरोळ पाइपलाइनजवळच्या दहा बाय पंधराच्या खोलीत सासूबाई, दोन मुलं आणि चालू टीव्ही असताना मनातलं बोलायचं कुठे? जिन्यात बसून, बंद रिक्षात बसून बोलणारी माणसं मला माहीत आहेत. औषध विकत मिळतं, एकांत मिळत नाही. घरच्यांना खरी मदत करायची असेल तर आठवड्यातून एक तास मुलांना घेऊन खाली जा. तेवढं पुरे.

बरं वाटलं की थांबायचं?

आपल्याकडे म्हण आहे, गरज सरो वैद्य मरो. मनाच्या आजारात ही म्हण महागात पडते. नैराश्याच्या औषधांचा गुण दिसायलाच दोन ते चार आठवडे किंवा जास्त लागतात, आणि बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तितकं ती चालू ठेवावी लागतात. एकदम बंद केली तर त्रास होतो. थेरपीही अशी तोडायची नसते. आठवड्याची पंधरवड्यावर, मग महिन्यावर, अशी कमी करत थांबवायची. आणि थेरपिस्टशी सूर जुळत नसेल तर तसं सांगून दुसरा शोधावा. त्यात काही गैर नाही. एका शिक्षकाचं शिकवणं कळलं नाही म्हणून कुणी विषय सोडत नाही.

शाळेने काय करावं?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या पाहणीत 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. म्हणजे दहातल्या एकाला. आणि वेगवेगळ्या आजारांत 70 ते 92 टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. आता आपल्या हजेरीपटावर, मुलांच्या नव्हे, शिक्षकांच्या, एकदा नजर टाका.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. उपचार मिळण्याचा आणि आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्याने दिला. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असंही त्यात आहे. कायदा झाला, पण स्टाफरूममधली कुजबुज कायद्याने थांबत नाही. ती आपणच थांबवायची.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. कुणाची थेरपीची वेळ ठरलेली असेल तर त्या दिवशी जादा तास, सर्वेक्षण, बैठक त्याच्या गळ्यात टाकू नये. 'दवाखान्यात जायचंय' एवढं सांगणं पुरेसं मानावं, कुठल्या दवाखान्यात हे विचारू नये. आणि मैदानावर 'ठाण्याला पाठवा' ऐकू आलं तर ओरडण्याऐवजी मुलांना दोन मिनिटं बसवून सांगावं की पाय मोडला की प्लास्टर लागतं, तसं मन दुखलं की त्याचेही डॉक्टर असतात आणि लोक त्यांच्याकडे जाऊन बरे होतात.

आणि ज्यांच्या पर्समध्ये, खिशात घडी घातलेला तो निदानाचा कागद आहे, त्यांना एवढंच सांगते. कागद कपाटात ठेवू नका. या आठवड्याचं वेळापत्रक काढा, एक वार निवडा, एक तास आखा आणि फोन करून वेळ ठरवा. पहिल्या तासिकेला काही कळलं नाही तरी दुसऱ्या तासिकेला हजर राहा.