सोवळे सगळीकडचेच

लहानपणी एकदा मी तापाने फणफणलो होतो. आजी देवघरात सोवळ्यात बसलेली. मी हाका मारत होतो, पण पूजा आटोपेपर्यंत ती जागची हलली नाही. नंतर मात्र रात्रभर उशाशी बसून राहिली. तिच्या मायेविषयी मला कधीच शंका नव्हती. पण ते दोन तास मी विसरू शकलो नाही.

पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचताना ही आठवण जागी झाली. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाईंवर आणि छोट्या मनोरमेवर त्यांचा मनापासून जीव होता. परंतु चर्चचा प्रत्येक सिद्धान्त, प्रत्येक प्रथा शिष्येने निमूटपणे स्वीकारावी, हा त्यांचा आग्रह. रमाबाई कसल्या ऐकतात! बायबलात जे सापडत नाही, ते केवळ चर्च सांगते म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. हिंदी भगिनींच्या गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा बिशपांनी नापसंती दर्शवली; तीही त्यांना पटली नाही. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारले, आता दुसरे मानेवर घेणार नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहून कळवले.

म्हणून त्यांची श्रद्धा उणी होती काय? मुळीच नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अनाथ मुली आणि विधवांना त्यांनी आधार दिला. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत बायबल सोप्या मराठीत आणण्याचे त्यांचे काम चालू होते. सिस्टर जेराल्डीनशी मतभेद झाले, पण नाते तुटले नाही.

प्रथांना माझा विरोध नाही. आजीच्या पूजेमुळेच आमच्या घराला शिस्त होती. पण नियमापुढे मायेलाही थांबावे लागले, की मग धर्म कोणताही असो, त्याचे सोवळे होते. आणि ते पाळणारी माणसे दुष्ट नसतात, बहुधा प्रेमळच असतात. म्हणून तर त्यांना प्रश्न विचारणे अवघड जाते.

आता घरची पूजा माझ्याकडे आहे. नातवाने हाक मारली, तर ताम्हन तसेच ठेवून मी उठतो. देव रागावल्याचे आजवर तरी जाणवलेले नाही.