खिशातला फोन आणि चिठ्ठीवरचा डोस

एमबीबीएसचा विद्यार्थी औषधशास्त्राच्या तोंडी परीक्षेला जातो तेव्हा फोन बाहेर ठेवून जातो. अडीच-तीन वर्षांनी तोच विद्यार्थी इंटर्न म्हणून वॉर्डात उभा राहतो, आणि डोस पाहायचा झाला की त्याचा पहिला हात फोनकडे जातो. परीक्षा स्मरणशक्तीची घेतली, काम मात्र फोनवर चालते. या दोन्हींच्या मध्ये त्याला फोनवरची माहिती तपासून वापरायला कोणी शिकवले? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही.

वैद्यकीय शिक्षणात संगणक आलाच नाही असे नाही. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात औषधांचा रक्तदाबावर होणारा परिणाम संगणकावर दाखवायची तरतूद आहे. प्राण्यांवरचे प्रयोग थांबले, हे चांगलेच झाले. पण पडद्यावर कुत्र्याच्या रक्तदाबाचा आलेख वरखाली होताना पाहणारा विद्यार्थी समोरच्या म्हातारीच्या किडनीला सोसेल असा डोस त्याच पडद्यावर काढायला शिकतो का? डोस मोजणे अभ्यासक्रमात आहे, पण ते कागदावरच्या गणितापुरते राहते.

एक उदाहरण घ्या. वय ६८, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन १.४. अशा बायका आपल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रोज येतात. १.४ हा आकडा पाहून 'थोडासाच वाढलाय' म्हणून पुढे जाणे सोपे असते. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या १९७६ च्या सूत्रात ही माहिती भरली तर उत्तर येते २९. आज प्रयोगशाळा रिपोर्टवर छापतात त्या नव्या सूत्राने येते ४१. बाई तीच, रक्त तेच, कॅल्क्युलेटरही तोच. मग खरे कोणते?

दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. नवे सूत्र १.७३ चौरस मीटरच्या प्रमाणित शरीरासाठी उत्तर देते. या बाईचे शरीर त्याहून लहान आहे. रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगाट्रानच्या चाचण्यांत जुने सूत्र वापरले होते आणि ३० च्या खाली युरोपात ते औषध देत नाहीत. मेटफॉर्मिनचे नियम नव्या आकड्यावर बेतलेले आहेत; ४१ ला चालू असलेली गोळी डोस कमी करून ठेवता येते. म्हणजे एका औषधाला एक आकडा, दुसऱ्याला दुसरा. ॲप आकडा काढून देते, तो कुठे लावायचा हे सांगेलच असे नाही. ते शिक्षकानेच सांगायला हवे.

आपल्याकडचे औषधदुकान हा आणखी वेगळा विषय. परदेशी ॲपमध्ये भारतीय ब्रँडचे नाव टाकले की अनेकदा काहीच सापडत नाही. आणि काही सापडले नाही याचा अर्थ घाईतला इंटर्न 'धोका नाही' असा घेतो. एका गोळीत दोन-तीन औषधे मिसळून विकण्याची तर इथे रीतच आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने अशा ३४४ मिश्रणांवर बंदी आणली, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ वर. ब्रँडमागची मूळ औषधे ओळखून प्रत्येकाची दुसऱ्याशी पडताळणी करायची, ही सवय वर्गातच लावावी लागते.

जुने प्राध्यापक म्हणतात, फोन हाती दिला तर मुले आळशी होतील. फोन त्यांच्या हाती केव्हाच आलेला आहे. तुम्ही फक्त तिकडे पाहायचे नाकारता आहात. दुसरा आक्षेप असा की पेशंटसमोर फोन पाहिला तर त्याचा विश्वास उडतो. 'तुमच्या किडनीला झेपेल का ते तपासतोय' एवढे वाक्य मराठीत बोलायला शिकवा, विश्वास वाढेल. आणि तंत्रज्ञान विकणारे म्हणतात की यंत्र सगळे सांभाळेल. त्यांना विचारा, डोस चुकल्यावर यंत्र नातेवाइकांसमोर उभे राहणार आहे का?

आपल्या मोहल्ल्यातला प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. रमजान जवळ आला की मधुमेहाचा पेशंट विचारतो, 'डॉक्टरसाहेब, रोजा ठेवू का?' डॉक्टर एक तर सरळ नाही म्हणतो, नाही तर 'बघा तुम्हीच' म्हणून सोडून देतो. मग पेशंट सहरी-इफ्तारच्या हिशेबाने गोळ्या स्वतःच पुढेमागे करतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि त्याच्या सहयोगी संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत यासाठी गुणांकन दिले आहे. वय, किडनी, साखर एकदम उतरल्याचा इतिहास, कोणती औषधे चालू आहेत, अशा गोष्टींचे गुण मोजायचे. बेरीज ६ च्या वर गेली तर धोका जास्त, रोजा न ठेवण्याचा सल्ला द्यायचा. आजाऱ्याला सवलत आपल्या धर्मानेच दिलेली आहे. डॉक्टरचे नाव अमित असो की आयेशा, हे गुणांकन दोघांनाही यायला हवे.

मागणी अवघड नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत एक टेबल असे ठेवा जिथे फोन उघडा असेल. समोर पेशंटचे कागद आणि पाच गोळ्यांची पाकिटे. विद्यार्थ्याने माहिती नीट भरली का, दोन ठिकाणी पडताळली का, ॲपची कोणती सूचना मानली, कोणती नाकारली आणि का, आणि हे सगळे पेशंटला त्याच्या भाषेत सांगता आले का, यावर गुण द्या. आपल्याकडे जे परीक्षेत येते तेच शिकवले जाते, हे आपण सगळेच जाणतो. तोवर या शिकवणीची फी वॉर्डातला पेशंट भरत राहणार.