पिन सांगायचा कुणाला?

‘पिन कुणालाही सांगू नका,’ असं बँक बजावते. पण दुकानातल्या स्वाइप मशीनला बटणंच नसतील, नुसती गुळगुळीत काच असेल, तर दृष्टिहीन ग्राहकाने आकडे दाबायचे कसे? शेवटी काउंटरवरच्या अनोळखी माणसालाच पिन सांगावा लागतो. हात थरथरणाऱ्यांचीही तीच गत. आपल्याकडे ५,००० रुपयांपर्यंत कार्ड ‘टॅप’ करून भागतं. त्यापुढे पिन आलाच. ब्रिटनमध्ये अशा ग्राहकांना पिनऐवजी सहीवर चालणारं कार्ड मागता येतं. इथे २०२५ पासून यूपीआयला बोटाचा ठसा, चेहरा चालतो. मग दुकानात कार्डालाही असा पर्याय का नको? ही मेहरबानी नाही बॉस, आपले पैसे आपणच खर्च करण्याचा हक्क आहे!