रस्ता जनतेचा, वाढीव मोल कोणाचे?

भूम तालुक्याची ओळख खव्याने होते. बालाघाटाच्या माळरानावरील गावोगावच्या भट्ट्यांवर आटवलेला खवा डब्यांत भरून पुण्या-मुंबईच्या मिठाईच्या दुकानांपर्यंत पोहोचतो. तो वाहून नेणाऱ्या गाडीत जे डिझेल जळते, त्यावर राज्याचा कर असतो. भट्टीला दूध घालणारा शेतकरी एकर-दीड एकर घेतो किंवा विकतो, तेव्हा मुद्रांक शुल्क भरतो. हा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो आणि तेथून योजनांच्या रूपाने बाहेर पडतो. तो नेमका कोठे बाहेर पडतो आणि त्यामुळे कोणाच्या जमिनीचे भाव चढतात, हे विचारण्याचा अधिकार त्या दूध घालणाऱ्याला आहे. म्हणून मुंबईच्या गिरणगावाची कहाणी भूममध्ये बसून मांडण्यात अनाठायी असे काही नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणगाव त्यातून पुन्हा उभे राहिले नाही. मागे उरली ती मुंबईच्या ऐन मध्यभागी, परळ-लालबाग-वरळी पट्ट्यात पसरलेली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनींसाठी ५८ क्रमांकाचा नियम आला. त्याचे सूत्र सरळ होते. गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करायचा असेल, तर एक तृतीयांश जागा महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली एक तृतीयांश मालकाला. दाट वस्तीच्या शहराला श्वास घेण्यासाठी एवढी सलग जागा पुन्हा कधी मिळणार नव्हती, हे ज्यांनी तो नियम केला त्यांना कळत होते.

२००१ मध्ये त्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जागेची न होता केवळ मुळात मोकळ्या असलेल्या जागेची होईल, असा बदल करण्यात आला. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती असणार? सगळीकडे शेड, गोदामे, खाती. त्या पाडल्यावर मोकळी होणारी जमीन मालकाची राहिली आणि शहराचा वाटा आटून गेला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये जनहित याचिकेवर निर्णय देताना शहराची बाजू उचलून धरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न्यायालयाचा मान राखूनही एक गोष्ट म्हणता येते, की कायदेशीर ठरलेली प्रत्येक गोष्ट न्याय्य ठरतेच असे नाही.

आता आकडे पाहा. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने लिलावाने आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. त्यांपैकी मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जागा डीएलएफ समूहाने ७०२ कोटी रुपयांना घेतली. तीच जागा २०१२ मध्ये लोढा समूहाला २,७२७ कोटी रुपयांना विकली गेली. मधल्या सात वर्षांत तेथे एकही इमारत पुरी होऊन उभी राहिली नव्हती. या व्यवहारात बेकायदेशीर काहीच नव्हते. आणि दुखणे नेमके तेच आहे. ही सगळी वाढ केवळ रस्त्यांमुळे झाली असे कोणी म्हणणार नाही. बाजाराची तेजी होती, शहराची भूक होती. पण ती जागा ज्या शहरात होती, त्या शहराचे उड्डाणपूल, जलवाहिन्या, मलनिस्सारण आणि रेल्वे स्थानके नसती, तर त्या १७ एकरांना माळरानाचाच भाव आला असता. ही सारी साधने सार्वजनिक पैशाने उभी राहिली, आजही त्याच पैशाने रुंद होतात. वाढलेले दोन हजार कोटी मात्र एका सातबाराच्या भोवतीच फिरले. पाच गिरण्यांच्या त्या व्यवहारांत कोणत्या झेंड्याचे लोक होते आणि कोणत्या झेंड्याचे नव्हते, हे शोधू जाल तर निराशा होईल. जवळपास सर्वच रंग सापडतील.

मनोरे उभे राहिले आणि त्यांतील कार्यालयांत रोज सहस्रावधी माणसे येऊ लागली. ती येत होती त्याच जुन्या स्थानकांवरून. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस आला, आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. ते कोणी उद्योगपती नव्हते. कामावर निघालेली साधी माणसे होती. नवा पूल बांधण्यासाठी शेवटी लष्कराला पाचारण करावे लागले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. शत्रूच्या माऱ्यात नदीवर पूल टाकणाऱ्या जवानांना मुंबईत लोकल प्रवाशांसाठी पूल बांधावा लागला, याची लाज कोणाला वाटली? त्याच वर्षी जुलैत लोअर परळचा डिलाईल पूल धोकादायक म्हणून बंद झाला. तो पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. हा खर्च रेल्वेचा आणि महापालिकेचा, म्हणजे तुमचा-आमचा. त्या पुलाच्या दोन्ही अंगांना ज्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्यांच्याकडून त्यासाठी वेगळा वाटा मागितला गेला नाही.

आणि ज्याच्या घामावर गिरणगाव उभे होते, तो गिरणी कामगार कोठे आहे? घरासाठी दीड लाखाच्या आसपास कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. बहुसंख्य अजून प्रतीक्षेत आहेत. २०२४ मध्ये त्यांना शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आली. ही गावे कर्जतच्या वाटेवर आहेत, परळच्या नव्हे! जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आझाद मैदानात उतरले ते यासाठीच. ज्या गल्लीत त्यांचे आयुष्य गेले, ती गल्ली सरकारी पैशाने फरसबंद होणार आणि तेथे राहायला दुसरेच कोणी येणार. ही योजना आपल्या विचारांच्या सरकारच्या काळातील आहे म्हणून मौन पाळणे, हे कार्यकर्त्याला शोभणारे नाही.

यावर ठराविक उत्तर येते. विकासाने रोजगार येतो, कर वाढतो, रस्ता तर सर्वांनाच वापरायला मिळतो, मग तक्रार कसली? शिवाय गिरण्या तोट्यात होत्या, मालकांवर कर्जे होती, जमीन अडकून पडली असती तर कोणाचे भले झाले असते? या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. जमीन पडून राहावी असे आमचे म्हणणे नाहीच. रस्ता रुंद व्हावा, पदपथ व्हावेत, दिवे लागावेत. प्रश्न एवढाच आहे, की त्यामुळे ज्याच्या जमिनीचे मोल दुप्पट-तिप्पट होते, त्याने त्या खर्चाचा भार उचलायचा की नाही?

आणि हा विचार काही आजचा नाही, साम्यवाद्यांकडून उसना आणलेला तर मुळीच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यांची रुंदी दंडांत मोजून दिली आहे, आणि माणसांची व लहान जनावरांची वाट अडवणाऱ्यास १२ पण दंड सांगितला आहे. राज्याच्या दृष्टीने वाट ही सर्वांची ठेव होती, कोणाच्या दुकानाचा उंबरठा नव्हे. परकीय इंग्रजांचेही उदाहरण घ्या. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत नगर सुधारणा न्यास स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती त्याचीच. न्यासाने रस्त्यांबरोबर सभोवतालची जमीनही ताब्यात घेतली आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले, म्हणजे वाढीव मोलाचा अंश सार्वजनिक तिजोरीत परत यावा. पुढे १९१५ च्या नगररचना कायद्याने जमीनमालकाच्या वाढीव मूल्यातून वाटा घेण्याची तरतूद केली. वांद्रे-कुर्ला संकुलात महानगर प्राधिकरण आजही भूखंड भाडेपट्ट्यानेच देते आणि तो पैसा प्रकल्पांत घालते. परकीय सत्तेला जे सुचले आणि वांद्र्यात जे जमते, ते परळला का जमू नये?

पश्चिमेचे अनुकरण करणाऱ्यांनी तेथील ठेचाही पाहाव्यात. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील न्यू लंडन या गावाने खासगी पुनर्विकासासाठी राहती घरे संपादित केली. २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याला मान्यता दिली. २००९ मध्ये ज्या औषध कंपनीच्या भरवशावर हा घाट घातला होता, तिनेच गाव सोडण्याचे जाहीर केले. घरे गेली आणि जागेवर गवत वाढले.

आपल्याकडे २०१५ मध्ये स्मार्ट सिटी अभियान सुरू झाले. ३१ मार्च २०२५ रोजी त्याची मुदत संपली. उद्देश उत्तम होता. पण पुण्याने क्षेत्रविकासासाठी निवडला तो औंध-बाणेर-बालेवाडीचा भाग. म्हणजे नव्या सदनिका, नव्या कंपन्या, आधीच चढे भाव असलेला भाग. तेथील पदपथ देखणे झाले, यात शंका नाही. परंतु ज्या पेठांत आणि वस्त्यांत पदपथच उरलेला नाही, तेथील माणसाला हे कसे समजावून सांगणार?

गावे लहान असली म्हणून रोग लहान असतो असे नाही. मराठवाड्यातील एका नगरपरिषदेच्या गावी पाहिलेले दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. गावाबाहेर नव्या ले-आउटमध्ये एकही घर नव्हते, फक्त चुन्याने आखलेले भूखंड. पण तेथपर्यंत सिमेंटचा रस्ता आणि विजेचे खांब पोहोचले होते. मंदिरामागच्या जुन्या गल्लीत मात्र गटाराचे पाणी ओलांडत म्हाताऱ्या बाया दर्शनाला जात होत्या. भूखंडांचा फलक रस्त्याच्या तोंडाशीच होता आणि त्यावर पहिले वैशिष्ट्य लिहिले होते, ‘पक्का रस्ता’. तो कोणाच्या पैशाने पक्का झाला, हे फलकावर नव्हते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विकास आकाराची तरतूद आहे. नगररचना योजनेत वाढीव मूल्यावर अंशदान घेण्याची सोय आहे. कायदा आहे, शस्त्र म्यानात आहे. नगरोत्थानचा निधी असो वा दुसऱ्या कोणत्या योजनेचा, रस्त्याचा ठराव सभागृहापुढे येतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी कोणाच्या, गेल्या पाच वर्षांत तेथील खरेदीखते किती झाली आणि रेडी रेकनरचा दर किती चढला, ही तीन उत्तरे त्या ठरावाला जोडलेली असावीत. ती नसतील, तर २००५ च्या माहिती अधिकाराचा साधा अर्ज पुरतो. आपल्या शाखेच्या गावात गेल्या पाच वर्षांत झालेल्या रस्त्यांची प्रभागवार यादी मागवावी, तलाठ्याकडील फेरफार पाहावेत आणि ती यादी मारुतीच्या पारावर वाचून दाखवावी.