रिकामा डबा आणि एक पुस्तक

शनिवारी दुपारी होस्टेलच्या गेटवर जरा उभं राहून बघा. पाठीवर सॅक, सॅकमध्ये आठवड्याचे मळके कपडे आणि मागच्या खेपेला आईने भरून दिलेले चिवड्या-लाडवाचे डबे... रिकामे! येताना भरलेले, जाताना रिकामे. चार वर्षं आपला हाच व्यवहार. मीही त्यातलाच. बडनेऱ्याहून गाडी पकडायची, चांदूर गेलं की दाराशी यायचं आणि धामणगाव रेल्वेला उतरायचं. मित्रांनो, आज मला त्या रिकाम्या डब्याबद्दलच बोलायचं आहे.

घरी माझी चुलत बहीण आहे, सहावीत. हुशार आहे, पण पुस्तक म्हटलं की तिला अभ्यासाचंच आठवतं. मागच्या वर्षी मी मोठ्या तोऱ्यात तिला माझी जुनी ‘श्यामची आई’ दिली. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालेली प्रत, त्यावर गुरुजींची सही. पुढच्या शनिवारी विचारलं तर वीस पानांवर खूण, आणि वर प्रश्न, ‘‘दादा, हे पेपरमध्ये येते का?’’ मी तडकलो. आमच्या वेळी असं आणि आमच्या वेळी तसं! काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘कायले रागावतं लेकराले? तुले तरी कुठं आवडे तवा?’’

खरं सांगायचं तर काकू बरोबर बोलली. सहावीत असताना मीही ते बाबांच्या धाकाने वाचलं होतं. आवडलं ते पुढे, अकरावीत, घर सुटल्यावर. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मुलाच्या हातात पडणारं पहिलं पुस्तक आपल्याला रडवणारंच असलं पाहिजे, हा हट्ट कशाला? आपण मुलांना पुस्तक देत नाही, आपलं बालपण देतो आणि वर त्यांनी ते आवडून घ्यावं म्हणतो.

पुढच्या खेपेला मी संगीता बर्वे यांचं ‘पियूची वही’ नेलं. साहित्य अकादमीचा 2022 चा बालसाहित्य पुरस्कार त्याला आहे. पियू नावाच्या मुलीची ती रोजनिशी. काही न सांगता टेबलावर ठेवून दिलं. दोन आठवड्यांनी गेलो तर बहिणीने एक शंभरपानी वही घेऊन तिला कव्हर घातलेलं, वर स्वतःचं नाव आणि खाली ‘ची वही’. आत काय लिहिते ते कोणाला दाखवत नाही. मला तर नाहीच.

हा पुरस्कार 2010 पासून दिला जातो. मराठीत पहिला अनिल अवचटांना मिळाला, मग दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला, पुढे माधुरी पुरंदरे, राजीव तांबे, रत्नाकर मतकरी... 2024 ला भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला. आपल्यापैकी किती जणांनी यातली निम्मी नावं ऐकली आहेत? मी नव्हती ऐकली. गावातल्या एका दुकानात यादी घेऊन गेलो तेव्हा दुकानदाराने गाईड, अपेक्षित प्रश्नसंच, रंगवायची पुस्तकं आणि अकबर-बिरबल काढून दाखवलं. ‘‘बाकीचं मागते कोण भाऊ?’’ त्याचंही खरंच आहे. आणि एका शाळेत तर मी स्वतः पाहिलंय, पुस्तकांचं कपाट आहे, काचेचं आहे, आणि त्याला कुलूप आहे. मुलं पुस्तकं फाडतात म्हणे! फाटलेलं पुस्तक निदान कोणीतरी उघडलेलं तरी असतं.

आता एका पुस्तकावर मला थांबायचं आहे, कारण ते आपल्या कॉलेजसाठीच लिहिलंय असं मला वाटतं. ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’, 2017 चा पुरस्कार. खेड्यातला एक मुलगा, त्याचं शिवार, झाडं, गुरं, सवंगडी. आणि मग कळतं की इथे धरण होणार, गाव उठणार. एवढंच. ओरड नाही, भाषण नाही. आपल्या सिव्हिलच्या मुलांना धरणावर येणारे भार तोंडपाठ असतात. पाण्याचा दाब, अपलिफ्ट, गाळ, भूकंप. मोर्शीजवळ सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे उघडले की आपण गाड्या काढून बघायला जातो, फोटो काढतो. अमरावतीच्या नळाला पाणी तिथलंच. पण त्या पाण्याखाली काय आहे, हा प्रश्न आपल्या कुठल्याच पेपरला येत नाही.

माझा रूम पार्टनर सिव्हिलचा. सबमिशनच्या आठवड्यात हे पुस्तक माझ्या कॉटवर पडलेलं होतं, त्याने रात्री सहज उचललं. सकाळी मेसमध्ये पोह्यांच्या लाइनीत उभा असताना एकदम म्हणाला, ‘‘माझ्या आईचं माहेर तिकडेच हाय, पाण्यात.’’ तीन वर्षं एका खोलीत राहतो आम्ही. त्याच्या किती बॅक आहेत ते मला माहीत, त्याचा पासवर्ड माहीत. हे माहीत नव्हतं. त्या दिवाळीत ते पुस्तक तो घरी घेऊन गेला आणि आईला वाचून दाखवलं. तिने मध्येच थांबवून स्वतःच्या गावातलं सांगायला सुरुवात केली म्हणे, विहीर कुठे, पार कुठे, आणि पुस्तक अर्धंच राहिलं. आणि याला आपण ‘बालसाहित्य’ म्हणतो!

असो. बाकीचं भराभर सांगतो.

अगदी लहान, म्हणजे बालवाडी ते दुसरी-तिसरीची भाचरं असतील तर डोळे मिटून माधुरी पुरंदरे. ‘राधाचं घर’, ‘यश’ची पुस्तकं. चित्रंही त्यांचीच, आणि त्या चित्रांतली घरं आपल्या घरांसारखी दिसतात, दाराशी चपला वगैरे. पण एक अट आहे, देऊन मोकळं व्हायचं नाही. मांडीवर घेऊन वाचायचं. आजीला वाचायला लावलंत तर उत्तम.

सातवी-आठवीच्या पोराला जंगलाचं वेड असेल तर सलीम सरदार मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’. त्यावरून पुढे मारुती चितमपल्ली. मेळघाट आपल्याच जिल्ह्यात असून आपण तिथे फक्त चिखलदऱ्याचं भुट्टं खायला जातो! विज्ञानकथा हवी तर जयंत नारळीकर. 2025 च्या मे-जूनमध्ये महिन्याभराच्या आत हे दोघंही गेले, आणि आपल्या ग्रुपवर त्या दिवशी बहुतेक आयपीएलच चाललं होतं.

नववी-दहावीला मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. काही पालक भुवया उंचावतील. उंचावू द्या. त्या वयात मनात काय चालतं ते घरात कोणी बोलत नाही, निदान पुस्तकाने तरी बोलावं. मात्र सहावीतल्या मुलाला नको, तेवढी घाई नको. आणि कापसाच्या घरातलं पोर असेल तर, नवं नसलं तरी, वीणा गवाणकरांचं 1981 चं ‘एक होता कार्व्हर’. एकसारखा कापूस घेऊन खंगलेली अलाबामातली जमीन, आणि भुईमूग-रताळी लावा म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागलेला एक माणूस. धामणगावच्या मार्केट यार्डात कापसाच्या गाड्यांत लहानाचे मोठे झालेल्यांना ते परदेशातलं वाटणारच नाही.

पैशांचं म्हणाल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट आहेत. मोबाइल सोडत नाही म्हणून रडण्यापेक्षा त्याच मोबाइलवर हे उघडून द्या.

‘‘अभ्यासाला वेळ पुरत नाही, गोष्टी कधी वाचायच्या?’’ हे मी घरोघरी ऐकलंय. सहावीपासूनच फाउंडेशनचे क्लास लागतात आता. सरांना विचारा, व्हायवाला काय होतं. यंत्र कसं चालतं ते आपल्याला माहीत असतं, पण दोन सरळ वाक्यांत सांगा म्हटलं की घाम फुटतो, मराठीत नाही आणि इंग्रजीतही नाही. प्रोजेक्ट रिपोर्ट मागच्या बॅचचा. हे काही इथे येऊन बिघडलेलं नाही.

तर मी एक केलंय. कॅल्सीवरचं जुनं पुठ्ठ्याचं खोकं होस्टेलच्या वाचनकक्षात, पेपरच्या स्टँडखाली ठेवलंय. आम्ही चौघांनी एका पिक्चरचे पैसे वाचवून सुरुवात केली, सध्या सात पुस्तकं आहेत. शनिवारी घरी जाताना रिकाम्या डब्यासोबत एक न्यायचं, लहान भाऊ, बहीण, भाची जे कोणी असेल त्याला द्यायचं, वाचून झालं की आणायचं. वहीत फक्त नाव आणि खोली नंबर. उशीर झाला तर दंड नाही. फाटलं तर चिकटवून आणा. वॉर्डन सरांनी एक पुस्तक देईन म्हटलंय, ते अजून आलेलं नाही, पण सर हे वाचतीलच.

‘खारीच्या वाटा’ रूम पार्टनरच्या आईकडून परत आलंय, ते आहे. ‘पियूची वही’ मात्र मागू नका. ती धामणगावला आहे आणि परत यायचं नाव घेत नाही.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी