शेकड्याचा फास आणि बँकांचे बंद दार

परभणी जिल्ह्याच्या पालम तालुक्यातील हातावर पोट असलेला वर्ग आता नवे कर्ज धंद्यासाठी काढत नाही; जुन्या कर्जाचा हप्ता भरण्यासाठी काढतो. शिवणकाम करणारी बाई, केशकर्तनकार, पंक्चर काढणारा, भाजीचा गाडा लावणारा, ॲपे चालवणारा, दोन म्हशींवर घर रेटणारा. यांच्याकडे सातबारा नाही आणि पगारपत्रकही नाही. सोयाबीन-कापसाचा पैसा गावात आला की यांच्या गल्ल्यात चार पैसे पडतात; पावसाने दगा दिला, गोदावरीकाठचे शिवार खरवडून गेले की शेतकऱ्यामागोमाग यांचाही गल्ला रिता होतो. शेतकऱ्याच्या नुकसानीचा निदान पंचनामा तरी होतो. यांच्या बुडालेल्या कमाईला शासनाच्या दप्तरात रकानाच नाही.

अशा एका घराचा आठवडा पाहावा. सोमवारी एका फायनान्सची मिटिंग, गुरुवारी दुसऱ्या गटाची, पाच तारखेला मोबाईलचा हप्ता, सोनेतारणाचे व्याज निराळे. मिटिंगमध्ये एकीचा हप्ता कमी पडला तर बाकीच्या बायकांना उठू दिले जात नाही; मग शेजारणीकडून हातउसने, आणि तेही संपले की शेकडा पाचाने पैसे देणाऱ्याचे दार. त्याच्याकडे अर्ज लागत नाही, जामीनदार लागत नाही. कोरा धनादेश आणि सही केलेला मुद्रांक एवढ्यावर काम भागते.

शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. एक लाखावर दरमहा ५,००० रुपये निव्वळ व्याज. तीन वर्षांत १ लाख ८० हजार भरूनही मुद्दल जागच्या जागी उभे. हीच रक्कम बँकेने बारा टक्क्यांनी तीन वर्षांच्या मुदतीने दिली, तर हप्ता सुमारे ३,३२० रुपयांचा बसतो आणि छत्तिसाव्या महिन्यात घर मुद्दलासह मोकळे होते. पाच ठिकाणचे देणे एका हप्त्यात गुंफणे ही चैन नव्हे. ते कुटुंब तगेल की बुडेल, याचा निर्णय या गणितात आहे. शिक्षकाचे वा तलाठ्याचे कर्ज टेकओव्हर करण्यासाठी बँका स्वतः फोन करतात. ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे, त्याला काउंटरवरूनच परत पाठवले जाते.

आणि हे नियमाअभावी घडत नाही. संस्थाबाह्य सावकाराचे देणे फेडण्यासाठी शेतकरी नसलेल्या आपद्ग्रस्त व्यक्तीला १ लाख रुपयांपर्यंत दिलेले कर्ज रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अग्रक्रम क्षेत्रात धरले जाते. सूक्ष्मवित्त कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही, हेही २०२२ च्या नियमावलीत आहे. म्हणजे जुने देणे मिटवायची वाट कागदावर मोकळी आहे. ती शाखेच्या उंबरठ्यावर बंद होते, कारण व्यवस्थापकाला तीन वर्षांचे आयकर विवरणपत्र हवे असते आणि चांगला सिबिल गुणांक हवा असतो. गाड्यावर लावलेल्या क्यूआर कोडमधून वर्षभर पडलेली दहा-वीस रुपयांची शेकडो जमा त्याच बँकेच्या खात्यात दिसते. तिला उत्पन्नाचा पुरावा मानायला कोणी तयार नाही. सिबिल खराब म्हणावे, तर तो का खराब झाला हेही विचारले जात नाही. याच परिसरात, गंगाखेडच्या साखर कारखान्याच्या प्रकरणात, शेतकऱ्यांच्या नावे त्यांच्या नकळत कर्जे उचलल्याचा आरोप झाला आणि चौकशी सक्तवसुली संचालनालयापर्यंत गेली. इथे नावावर दिसणारे प्रत्येक थकीत कर्ज ऋणकोचा गुन्हा समजणे हा अन्याय आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. शेकड्याच्या देण्याला पावती नसते. मग बँकेने फेडायचे काय आणि कोणाला? याचे उत्तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये आहे. परवानाधारक सावकारालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. विनापरवाना सावकारी तर तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. सहायक निबंधकाने देण्याची पडताळणी करून कायदेशीर रक्कम ठरवली, तर बँकेपुढचा आकडा बराच खाली येईल. परंतु निबंधक तक्रारीची वाट पाहतो आणि तक्रार करणाऱ्याचा कोरा धनादेश सावकाराच्या कपाटात असतो. ही कोंडी ऋणको फोडू शकत नाही. ती शासनानेच फोडायची आहे.

हे राज्य कधीकाळी अधिक धीट होते. १९७५ च्या ऋणमुक्ती कायद्याने सीमान्त शेतकऱ्याबरोबर ग्रामीण कारागिराचे आणि मजुराचेही सावकारी देणे रद्द केले आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पुढे कर्जमुक्तीच्या धोरणात कारागीर मागे पडला. २०१७ ची आणि २०१९ ची कर्जमाफी शेतीकर्जापुरती राहिली. केंद्राच्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत अत्यल्प उत्पन्नाच्या ऋणकोसाठी ३५,००० रुपयांपर्यंतच्या देण्यातून मुक्त होऊन नव्याने सुरुवात करण्याचे प्रकरण आहे. ते आजवर अमलात आलेले नाही. कोट्यवधींची थकबाकी ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी हीच संहिता तत्परतेने जागी झाली.

दरम्यान पतपुरवठ्याच्या नाड्या आवळल्या जात आहेत. अवाजवी व्याजामुळे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये चार वित्तसंस्थांना नवी कर्जे देण्यास मनाई केली. त्याच सुमारास एका ऋणकोला किती कंपन्यांनी कर्ज द्यावे यावर या उद्योगाने स्वतःच बंधने घातली. शिस्त आवश्यकच होती. पण एका गटाचा हप्ता दुसऱ्या गटाच्या कर्जातून भरणाऱ्या घराचा नळ अचानक बंद केला आणि एकत्रित कर्जाचा पर्याय दिला नाही, तर ते घर सरळ सावकाराकडे जाते. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्मवित्ताची वसुली कोसळली, कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि गरिबांच्या वाट्याला पुन्हा खासगी सावकार आला. चाटोरी, पेठशिवणी, बनवसच्या गल्ल्यांत त्याचीच पुनरावृत्ती होऊ द्यायची काय?

तसे झाले तर आधी मंगळसूत्र तारणात जाईल, मग शिलाई मशीन विकली जाईल. मशीन गेली की उत्पन्न गेले आणि हप्ता मात्र राहिला. दहावीतल्या मुलीचे शिक्षण सुटेल, तिचे लग्न घाईने उरकले जाईल. मुलगा ऊसतोडीच्या टोळीत मुकादमाची उचल घेऊन जाईल, म्हणजे घरात आणखी एक कर्ज येईल. दुकानांची शटर्स पडतील, उधारी थकेल, उधारीवर खत-बियाणे देणारा व्यापारीही अडचणीत येईल आणि ही झळ शेवटी त्याच शेतकऱ्यापर्यंत पोहोचेल ज्याच्यासाठी शासन कर्जमाफीच्या घोषणा करते. शेतकऱ्याने जीव दिला तर समिती बसते, मदतीचा निर्णय होतो. टेलरने दिला तर अकस्मात मृत्यूची नोंद होऊन फाइल बंद होते.

हे अटळ नाही. केरळने २०१८ मध्ये पालक्काड जिल्ह्यातून ‘मुट्टत्ते मुल्ला’ योजना सुरू केली. प्राथमिक सहकारी संस्थांचा पैसा कुडुंबश्रीच्या बचत गटांतील बायकांनी दारोदार पोचवून सावकारी देण्यातून घरे सोडवावीत, अशी तिची रचना. उमेद अभियानाचे बचत गट आपल्याकडे आहेत, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आहे, ग्रामीण बँक आहे. नाही ती इच्छा.

खरिपाच्या पेरणीपूर्वी जिल्हा अग्रणी बँकेने जाहीर करावे, की आपद्ग्रस्तांच्या देणेफेडीची १ लाखापर्यंतची किती कर्जे परभणी जिल्ह्यात दिली गेली आणि त्यांतली पालमच्या शाखांची किती. सहायक निबंधकाने पालममध्ये ठरलेल्या दिवशी बसून देण्यांची पडताळणी करावी, बँकेचा अधिकारी त्याच टेबलाशी असावा. जिल्हास्तरीय बँकर्स समितीच्या पुढच्या बैठकीत पालमचा आकडा शून्य आला, तर त्या शून्याला जबाबदार कोण, याची नोंद जिल्हाधिकाऱ्यांनी त्याच बैठकीच्या इतिवृत्तात करावी.