दोरीच्या अलीकडून

गेल्या महिन्यात रियाधबाहेरच्या वाळूत हौशी मोटारसायकलस्वारांची एक छोटी शर्यत होती. आपल्या वर्गातली चार-पाच कुटुंबे डबे घेऊन गेली आणि मुलांच्या हाती कॅमेरे दिले. घरी आल्यावर सर्वांत जास्त वाहवा झाली ती आमच्या कन्येच्या फोटोची. मोटारसायकल थेट अंगावर येते आहे, वाळूचा फवारा पार भिंगापर्यंत! आम्हीही पाठ थोपटली. रात्री लक्षात आले, की हा फोटो दोरीच्या पलीकडे, वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहिल्याशिवाय निघणार नाही. आणि तेव्हा आम्ही पराठे वाढण्यात गुंग होतो.

तो फोटो वर्गाच्या भिंतीवर लावू नये, असे आमचे मत आहे. काही पालकांना हा पोरीवर अन्याय वाटतो. पण भिंतीवर लागला, की पुढच्या वेळी दहा मुले दोरी ओलांडतील.

बालमित्रांनो, गणित करून पाहा. ताशी १०० कि.मी. वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. तुम्ही दहा मीटरवर असाल, तर पळायला अर्धा सेकंदही मिळत नाही. आणि घसरलेली गाडी वळणाच्या बाहेरच फेकली जाते. १९८६ च्या पोर्तुगालच्या रॅलीत लोक फोटोसाठी रस्त्यावर उतरत होते. एक मोटार गर्दीत घुसली आणि प्रेक्षक प्राणाला मुकले.

शिवाय लांबून फोटो वाईट येतो, हा गैरसमज आहे. शटर १/१००० ठेवले तर तेवढ्यात गाडी जेमतेम तीन सेंटिमीटर सरकते, म्हणून ती उभी केल्यासारखी दिसते. १/१२५ ठेवा, कॅमेरा गाडीबरोबर फिरवत न्या आणि बटण दाबल्यावरही फिरवत राहा. स्वार स्पष्ट येतो, मागची वाळू रेषारेषांची होते. वीसातले अठरा फोटो फुकट जातात, पण आता रोल थोडाच संपतो! (भिंगावरची वाळू मात्र रुमालाने पुसू नका, आधी फुंकणीने उडवा. आमचे एक भिंग गेले.)

फोटो कुणाचा काढावा? आमचे मत, शेवटच्याचा. पहिल्याचा सगळेच काढतात. २०२० पासून सौदीत होणाऱ्या डकार रॅलीतही काही मोटारसायकलस्वार मदतनिसाविना उतरतात. दिवसभर गाडी हाकून रात्री तंबूपाशी स्वतःच पाने घेऊन बसतात. २०२५ साली पुण्याच्या संजय टकले यांनी तिथेच जुन्या गाड्यांची डकार क्लासिक पूर्ण केली. आपल्या शर्यतीतले लोक तर नोकरी सांभाळून येणारे. त्यांच्याकडे स्वतःचा चालत्या गाडीवरचा एकही फोटो नसतो. एक प्रत छापून द्या, बघा काय चेहरा खुलतो!

पण आधी विचारा. एखाद्याच्या खासगी आयुष्यात कॅमेऱ्याने डोकावणे हा इथल्या २००७ च्या कायद्याने गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद आणि ५ लाख रियालपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी, २०२२ साली केवळ स्त्रियांसाठी रॅली जमील सुरू झाली, आता बायकाही अशा स्पर्धांत दिसतात. त्यांतल्या एखादीला आपला फोटो नातेवाइकांत फिरलेला चालेल की नाही, हे तिनेच ठरवायचे. "मुम्किन सूरा?" एवढे दोन शब्द पुरतात. नाही म्हणाली, तर कॅमेरा खाली.

आता आमची कबुली. त्या दिवशी एक स्वार पडला, गाडी पायावर. आम्ही भराभर सात फोटो काढले. गाडी उचलायला धावली ती कन्या, दोरी ओलांडून! आम्ही तिला त्याबद्दल रागावलो नाही. ते सात फोटो आम्ही पुसून टाकले आहेत. तिचा फोटो तिने घरी आपल्या टेबलावर लावला आहे, आणि भिंतीच्या प्रकरणावरून ती अजून आमच्याशी बोलत नाही.